पुढच्या चाकांवरचं वजन

"होती तशी करून द्या," असं गिऱ्हाईक म्हणालं की मी गोंधळतो. "नवी दिसली पाहिजे" म्हटलं तर काम सोपं असतं. पत्रा बदलायचा, रंग मारायचा, किल्ली हातात द्यायची. पण होती तशी म्हणजे कधी होती तशी? शोरूममधून निघाली तेव्हा, वडिलांनी घेतली तेव्हा, की गेल्या पावसाळ्यात मागचा फाळका गळून पडला त्याच्या आदल्या दिवशी? हा प्रश्न मी विचारला की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मीच काहीतरी लपवतो आहे.

माझं काम बॉडीचं. इंजिनाचा मेस्त्री वेगळा, वायरिंगचा वेगळा, मी पत्र्याचा. रत्नागिरीत या धंद्याला मरण नाही, कारण समुद्र आहे. खारा वारा गाडीला बाहेरून काही करत नाही. तो आत शिरतो, दाराच्या पोटात, पायाखालच्या पत्र्याच्या घडीत, आणि तिथून खात सुटतो. वरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. म्हणून मी गाडी आधी डोळ्यांनी बघतच नाही, बोटाच्या पेराने वाजवत जातो. चांगला पत्रा टणक बोलतो, खाल्लेला पत्रा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. जिथे आवाज बसका येतो तिथे खडूने खूण, मग ग्राइंडर. खाल्लेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. काही लोक भोकात पुट्टी भरून वर रंग मारतात. मी ते करत नाही. दोन पावसाळ्यांत तेच गिऱ्हाईक परत येतं आणि मला खोटं बोलायला नीट जमत नाही.

होती तशी करून द्यायचं काम किती अवघड, हे मला एका निवृत्त कारकुनांच्या स्कूटरने प्रथम शिकवलं. ते म्हणाले, सगळे पोचे काढा, फक्त डाव्या बाजूचा हा एक ठेवा. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोचा राखून स्कूटर दिली. आठवड्याने ते परत आले आणि म्हणाले, "हा तो पोचा नव्हे." मी हात लावला नव्हता. पण आजूबाजूचे पोचे गेल्यामुळे तो एकटा पडला होता आणि खरंच वेगळा दिसत होता. ते बराच वेळ स्कूटरसमोर उभे राहिले आणि गेले. त्यांचं समाधान कसं करायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण लिहायचं आहे ते सुनंदाताईंच्या पिकअपबद्दल.

जुन्या डिझेल व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली ती पिकअप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांनी ती गाडी पाहिली आहे ते वर्णनावरूनच ओळखतील. बसकं नाक, ड्रायव्हरच्या मांडीशेजारी इंजिन, आणि मुख्य म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. बहुतेक मालवाहू गाड्यांत ती मागच्या चाकांना असते, त्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जातो आणि हौदा उंचावर बसतो. हिच्यात तो दांडा नाही. त्यामुळे हौदा गुडघ्याइतका खाली. मासळीचे क्रेट उचलून ठेवणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा.

सुनंदाताई मांडवीच्या. पंचेचाळिशीच्या, खाडीवरच्या जुन्या धक्क्यावर मासळी घेऊन बाजारात आणि हॉटेलांना पोचवतात. गाडी त्यांच्या वडिलांची, तात्यांची. तात्या गेल्यावर ती माडाखाली उभी होती. ताई रोज भाड्याचा टेम्पो बोलवायच्या. टेम्पोवाला आधी दुसऱ्याचा माल टाकून यायचा, तोवर यांचा बर्फ वितळायचा आणि हॉटेलवाले मासळीचा डोळा बघून तोंड वाकडं करायचे. त्यांना स्वतःची गाडी हवी होती.

त्यांचा थोरला भाऊ सुहास जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याचं म्हणणं वेगळं होतं. गणपतीपुळ्याच्या वाटेवर त्याच्या मित्राचं रिसॉर्ट आहे. त्याला दारात ठेवायला जुनी गाडी हवी होती, हौद्यात फुलझाडं आणि वरून दिव्यांच्या माळा. सुहास जहाजावरून फोनवर म्हणाला, "मेस्त्री, बाबांच्या वेळी होती तशी करा. तिथे ती मानाने राहील. सुनंदाकडे दिली की वर्षात भंगार."

"आणि माज्याकडे दिली की पोट भरेल, ते नाय सांगत," ताई शेजारून म्हणाल्या.

शेवटी भावाबहिणीत ठरलं ते असं. सुहास सुट्टीवर येईल तेव्हा, मासेमारी सुरू व्हायच्या आत, भरलेली गाडी धक्क्यावरची चढण चढली तर ती सुनंदाताईंची. नाही चढली तर रिसॉर्टच्या दारात. ताईंनी समोर आणि सुहासने फोनवर, दोघांनीही हे माझ्याकडे कबूल केलं. म्हणजे मला एकाच गाडीला जुनंही ठेवायचं होतं आणि कामालाही लावायचं होतं. कुणाचं काम मी घेतलं आहे, हे पहिल्या दिवसापासून मला नीट सांगता आलं नसतं.

गाडी वाजवून झाली, ग्राइंडर फिरवला आणि गोंधळ वाढला. हौद्याच्या तळाला सीट बसवायची भोकं सापडली. चौकशी केली तर कळलं, ही आधी बंद व्हॅन होती, अलोऱ्याच्या कॉलनीत माणसं ने-आण करायची. तात्यांनी ती घेतल्यावर मागचं छत कापून हौदा केला. मग मूळ कुठलं? रंग खरवडला तर बाहेर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली सायीसारखा पांढरट. एका दारावर मात्र निळ्याच्या जागी लाल, म्हणजे ते दार दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. सुहासला गाडी निळी आठवत होती. ताईंना हिरवी. मी त्यांच्या आईला विचारलं.

तारामावशी सत्तरीच्या पुढच्या. गाडी माझ्याकडे आल्यापासून दर दोन-चार दिवसांनी येऊन शेडच्या दारात स्टुलावर बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. माझी बायको त्यांना चहा द्यायची आणि मला आत येऊन विचारायची, "या लक्ष ठेवायला येतात की सोबतीला?" मला माहीत नव्हतं.

"मावशी, गाडीचा रंग कुठला होता?"

"होता कसलातरी."

"निळा की हिरवा?"

"रंगाकडे कोण बगतो ओ? मी आवाजावरनं ओळखायची. लांबून आली का भाताला आधण ठेवायची."

मी हिरवा ठरवला, कारण तो वरचा थर होता. त्याहून चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं.

त्याहून विचित्र म्हणजे पुढचा बंपर. त्याच्यावर एक जाड सागाची फळी नटबोल्टने आवळलेली, आणि काचेच्या खाली पत्र्यावर दोन लोखंडी कड्या. फळी मधोमध गुळगुळीत झिजलेली. इतक्या वर्षांत असा बंपर मी पाहिला नव्हता. ताई म्हणाल्या, गणपतीच्या वेळी तोरण बांधायला असेल. सुहास फोनवर म्हणाला, बाबा त्यावर चढून काच पुसायचे. काच पुसून साग इतका झिजत नाही, हे मला कळत होतं. पण आमच्या धंद्यातला माझा नियम असा: कागदांवर नाही, नंतर कुणीतरी जोडलेलं आहे आणि कशासाठी ते कुणाला सांगता येत नाही, ते काढायचं. बंपरच्या पुढे निघालेली वस्तू आरटीओच्या तपासणीलाही अडते. फळी काढली, कड्या कापल्या, भोकं भरून घेतली. स्टुलावर मावशी बसल्या होत्या. त्यांना रंग मी चारदा विचारला असेन. बंपरबद्दल विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. त्या नुसत्या बघत होत्या.

हौद्याचं काम मात्र मी मन लावून केलं. ताईंना क्रेटची एक रांग जास्त हवी होती, म्हणून हौदा मागे सव्वा फूट वाढवला. तळाला नवा पत्रा, बर्फाचं पाणी वाहून जायला दोन्ही कडांना पन्हळ, ते पाणी सांगाड्यावर न पडता बाहेर जाईल अशा नळ्या. बदल कागदांवर चढवून घेतला. गाडी वजनकाट्यावर नेली. रिकामी असताना एकूण पंधराशे चाळीस किलो, त्यातले नऊशे ऐंशी पुढच्या चाकांवर. भरल्यावर एकूण तेवीसशे, आणि पुढच्या चाकांवर नऊशे वीस. वजन वाढलं होतं आणि पुढचा आकडा कमी झाला होता. मला वाटलं काटा चुकला. पुन्हा चढवून बघितली, तोच आकडा. मग लक्षात आलं की वाढवलेला हौदा मागच्या चाकांच्याही मागे जातो, तिथे ठेवलेला माल गाडीचं नाक उचलतो. लहान मुलांच्या सी-सॉसारखं, एक टोक दाबलं की दुसरं वर. साठ किलोंनी काय होतंय, असं म्हणून मी गाडी खाली आणली.

सुहास आला. दुसऱ्याच दिवशी ओहोटीची वेळ साधून सगळे धक्क्यावर जमलो. धक्क्यावरून वर येणारी चढण उभी आहे, जांभ्याच्या दगडांची, आणि खालच्या भागाला भरतीचं पाणी लागत असल्यामुळे शेवाळ. ताईंनी क्रेट बर्फाने आणि वाळूने भरून हौदा गच्च केला. गाडी त्या स्वतः चालवणार होत्या. जाळी विणत बसलेले लोक विणणं सोडून उभे राहिले.

"मेस्त्री, रंग बाकी झकास हाय," होडीवरचा एक म्हातारा तांडेल म्हणाला. "चढली नाय तरी दिसायला बरी."

ताईंनी गिअर टाकला. गाडी सपाटीवर शहाण्यासारखी चालली, चढणीला नाक लावलं, आणि पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. शेवाळाचा चिखल उडाला, रबराचा वास सुटला. मागे घेतली, जोर घेऊन पुन्हा आणली. दोन हात वर गेली आणि घसरत खाली आली. तिसऱ्यांदा तेवढीही नाही.

"झालं, मेस्त्री?" सुहास म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, एवढं मी सांगितलं पाहिजे.

ताई स्टिअरिंगला धरून बसल्या होत्या. खाली उतरेनात. मी टायर बघितले, हवा बघितली, खाली वाकून सांधे बघितले. सगळं ठीक. तात्या याच गाडीतून याच चढणीवरून वर्षानुवर्षं मासळी नेत होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग मी काय बिघडवलं? इंजिनाला मी हात लावला नव्हता. मी फक्त पत्र्याचं काम केलं होतं.

तेवढ्यात तारामावशी गाडीच्या पुढे गेल्या. वाकून बंपरवर हात फिरवला.

"हितली फळी परत नाय बसवली?"

"काढलीच, मावशी."

"मग चढंल कशी? मी नि आमच्या वन्सं हितं उभ्या ऱ्हायचो."

 सुहास म्हणाला, "उभ्या म्हणजे? गाडी चालू असताना?"

"तर काय? पाटेच्या अंधारात, तुमी पोरं उठायच्या आधी. चढण आली का हे थांबायचे. आमी दोघी फळीवर चढायचो, कड्या धरायच्या. वर गेलो का उतरायचं. मग बाजारापत्तूर चालत."

"आत का नाय बसायचीस?" ताईंनी खिडकीतून विचारलं.

"आत टोपल्या असायच्या."

माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. दोन बायका, दोघी मिळून समजा पंचाण्णव किलो. बंपर चाकांच्या पुढे असल्यामुळे चाकांवर त्याहून जास्त दाब, सव्वाशेच्या घरात. मी हौदा वाढवून साठ घालवले, फळी काढून सव्वाशे. हिशोब बरोबर जुळला. हिशोब इतका जुळल्यावर माणसाला हायसं वाटतं, मला मात्र काय वाटावं ते कळेना, कारण सुटलेल्या हिशोबात दोन बायका वजन म्हणून उभ्या होत्या.

ताईंच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे काचेतून बाबा नि तू समोरासमोर."

"कसले समोरासमोर," मावशी म्हणाल्या. "ते रस्ता बगायचे, आमच्या दोघींच्या मधनं. वन्सं एकदा घसरल्या. हे थांबले म्हणून पाय वाचला. दुसऱ्या दिवशी परत उभ्या. मला तर चढण संपेस्तोवर डोळं उघडवत नव्हतं."

हे ऐकल्यावर जमलेले सगळे एकदम बोलायला लागले. दोन तरुण मासळीवाल्या पदर खोचून पुढे आल्या, "आमी ऱ्हातो उभ्या, त्यात काय!" मी मध्ये पडलो. माझ्या हातची गाडी, तिच्यापुढे कुणी उभं राहणार नाही, असं जरा जास्तच मोठ्याने बोललो. तांडेल म्हणाला, मग मेस्त्रीलाच बांधा पुढं, वजन बरं हाय. सगळे हसले. मीही हसलो.

मग जे झालं ते सुहासने केलं. तो इतका वेळ गाडीच्या बाजूला उभा राहून तिच्या मागच्या स्प्रिंगा बघत होता. गाडी चढली नाही तर ती त्याची होती. त्याला गप्प बसण्याशिवाय काही करायचं नव्हतं. पण जन्मभर जहाजावर माल लावलेला माणूस तो. "असा भरतात का माल?" तो पुटपुटला, फाळका उघडला आणि मागच्या रांगेचे क्रेट उचलून केबिनला टेकवून एकावर एक लावायला लागला. "वजन पुढे घ्या. शेपटीला काही नको. दोरी द्या." दोघं-तिघं हात लावायला धावले. मी नव्याने केलेला सव्वा फूट हौदा रिकामा झाला. तो बघताना मला काय वाटलं ते लिहीत नाही.

गाडी निघाली. या वेळी अर्धी चढण गेली. तिथे दगड ओले होते, चाकं पुन्हा फिरली, आणि ताईंनी ब्रेक लावून ती कशीबशी थांबवली.

तेव्हा मला ते दिसलं. चढणीवर गाडीचं वजन खालच्या अंगाला सरकतं. नाक वर असलं की ते मागच्या चाकांवर जातं, आणि मागची चाकं हिच्या काही कामाची नाहीत. मग नाकच खाली ठेवलं तर?

"ताई, खाली घ्या," मी म्हणालो. "वळवा, आणि उलटी चढवा."

"उलटी?"

"रिव्हर्समध्ये. शेपूट वर."

तांडेल म्हणाला, "आता खेकडा करतायत गाडीचा."

ताईंनी गाडी वळवली, मान मागे वळवून रिव्हर्स टाकला. सुहास एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने हात दाखवत चाललो. गाडी मागच्या अंगाने चढणीला लागली आणि चढत राहिली. ओल्या दगडांवर एकदा कुरकुरली, थांबली नाही. वर सपाटीला येऊन उभी राहिली तेव्हा तिचं तोंड खाडीकडे होतं.

खाली कुणी टाळी वाजवली नाही, कारण हे चढणं धरायचं की नाही ते कुणालाच ठरवता येईना.

"उलटी गेली," सुहास म्हणाला. "याला चढली म्हणतात?"

"माल खाली हाय का वर?" ताईंनी विचारलं.

"बाबा अशी नेत नव्हते."

"बाबांनी कशी नेली ते आत्ताच आयकलंस ना?"

सुहास मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मेस्त्री, ती फळी आहे ना तुमच्याकडे? ती परत लावा. कुणी उभं राहायला नको. पण बाबांच्या वेळी होती ना? मग असू दे तशीच."

ती फळी माझ्याकडे होती. साग टाकून द्यायचा नसतो. आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं माझ्या कामाच्या दृष्टीने बरोबर होतं. त्या गाडीवर तात्यांच्या काळची म्हणून खात्रीने सांगता येईल अशी ती एकच वस्तू होती. रंगाचा पत्ता नव्हता, दार दुसऱ्याचं, हौदा मी वाढवलेला. जी एक खरी वस्तू होती तीच मी काढली होती. मी हो म्हणणार होतो.

तारामावशी चढण चढून वर आल्या होत्या. दम लागला होता. त्या सुहासशी नाही, माझ्याशी बोलल्या.

"मेस्त्री, अशी उलटी नेली तर पुढं कुणी उभं ऱ्हायला नको ना? पावसात पन?"

मी मनात आकडे पुन्हा मांडले. क्रेट पुढे, शेपूट रिकामी, तोंड खाली. शेवाळ महिन्यातून एकदा खरवडलं तर ओल्या दिवशीही पुरेसं वजन चाकांवर राहत होतं.

"नको," मी म्हणालो. "पण माल आज सुहासभाऊंनी लावला तसाच लावला पाहिजे."

"मग चालू दे गाडी," मावशी म्हणाल्या. "नि फळी नको. हाटेलाच्या दारात पन नको नि हितं पन नको."

सुहास मग हौद्याजवळ गेला आणि ताईंना दोरीची गाठ कशी मारायची ते दाखवायला लागला, मागून पुढे ओढून, डबल. त्याने हार मानली असं त्याच्या तोंडून मी ऐकलं नाही. रिसॉर्टवाल्या मित्राला त्याने फोनवर काय सांगितलं तेही माहीत नाही.

क्रेट उतरवून गाडी माझ्याकडे परत आणायची होती, दोन ठिकाणी रंगाला ओरखडे आले होते. ताई म्हणाल्या, "आये, बस आत. चालत कशाला?" मावशी पुढच्या सीटवर बसल्या. मी दार लावून घेतलं. गाडी सुरू झाली तसे त्यांचे दोन्ही हात समोर गेले, काचेखाली चाचपले, बाजूला गेले, आणि शेवटी मांडीवरच्या पदराला धरून राहिले.

"हात कुठं धरायचे?" त्यांनी विचारलं.

त्या बाजूला धरायला काहीच नव्हतं. व्हॅन होती तेव्हा नव्हतं, तात्यांच्या काळी नव्हतं, मीही केलं नव्हतं. गाडी शेडमध्ये आल्यावर ओरखडे राहू दिले आणि आधी काचेशेजारच्या डाव्या खांबाला आतून एक कडी बसवली, बसलेल्या बाईचा हात सहज पोचेल अशा उंचीवर. ती कुठल्याच काळातली नाही. उंची मी मावशींना सीटवर बसवून, टेप लावून घेतली.